अस्थींचा वाद आणि धम्माचा वाटा

तथागतांच्या अस्थींवरून एकदा सात फौजा एका गावाच्या वेशीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? वंदना आपण रोज म्हणतो, पौर्णिमेला खीरदान करतो, पण आपल्या धम्माचा इतिहास मात्र पोरांना शाळेच्या पुस्तकातल्या दोन पानांवरच भेटतो. त्या दोन पानांत ही गोष्ट नसते. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत ती सविस्तर सांगावी असे आम्ही ठरवले.

गोष्ट जुनी आहे, पण संपलेली नाही. २०२५ सालीसुद्धा तथागतांच्या अस्थींबरोबर सापडलेली रत्ने हाँगकाँगच्या बाजारात लिलावाला निघाली होती. म्हणजे अडीच हजार वर्षे झाली तरी "हे कोणाचे?" हा प्रश्न माणसाने सोडलेला नाही. आणि हा प्रश्न आपल्या वस्तीतही आहे. त्याबद्दल शेवटी बोलू.

कुसिनाऱ्याच्या वेशीवर

भगवंतांचे महापरिनिर्वाण कुसिनारा येथे, मल्लांच्या शालवनात, जोडशालवृक्षांच्या मध्ये झाले. महापरिनिब्बान सुत्तात हा सगळा वृत्तांत आला आहे. मल्लांनी सहा दिवस गंधपुष्पांनी व वाद्यांनी आदर केला आणि सातव्या दिवशी देहाला अग्नी दिला. महाकाश्यप स्थविर भिक्खूंसह पावा गावाकडून येत होते. ते आल्यावर, त्यांनी वंदन केल्यावर चिता पेटली असे परंपरा सांगते. उरलेल्या अस्थी मल्लांनी आपल्या संथागारात, म्हणजे गणाच्या सभागृहात, नेऊन ठेवल्या. भोवती भाल्यांचे कुंपण केले, धनुष्यांचा कोट उभारला आणि सात दिवस पूजा केली.

जरा थांबून विचार करा. ज्यांनी आयुष्यभर शस्त्र खाली ठेवायला सांगितले, त्यांच्याच अस्थींभोवती भाले रोवले गेले! मल्लांना काय होणार याची कल्पना आली होती, असेच म्हणावे लागेल.

कारण बातमी पसरताच दूत येऊ लागले. मगधाचा राजा अजातशत्रू म्हणाला, भगवान क्षत्रिय होते, मीही क्षत्रिय आहे, मला वाटा हवा. वैशालीच्या लिच्छवींचेही तेच म्हणणे. कपिलवस्तूचे शाक्य म्हणाले, ते तर आमच्या नात्यातले, आमच्या कुळाचे भूषण. अल्लकप्पाचे बुली, रामग्रामचे कोलिय, पावा येथील मल्ल, असे एकामागून एक आले. वेठदीपाचा एक ब्राह्मणही आला. त्याने तर उलटेच कारण दिले: ते क्षत्रिय, मी ब्राह्मण, म्हणून मलाही वाटा मिळाला पाहिजे. कारण कोणतेही असो, मागणी एकच.

कुसिनाऱ्याचे मल्ल काय म्हणाले? भगवंतांनी देह ठेवला तो आमच्या गावच्या हद्दीत, आम्ही कोणाला कणभरही देणार नाही. झालं! गावाच्या हद्दीवरून जे भांडण आजही तहसील कचेरीत चालते, ते तेव्हा तथागतांच्या अस्थींवरून उभे राहिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आलेल्यांमध्ये शाक्य होते आणि कोलियही होते. हे दोघे म्हणजे रोहिणी नदीच्या दोन काठांवरचे शेजारी. शेतीच्या पाण्यावरून यांच्यात भांडण झाले आणि ते युद्धापर्यंत गेले, ही कथा आपल्या घराघरांत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून हाच प्रसंग मांडला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडले, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रक्त सांडू नये म्हणून सिद्धार्थाने देशत्याग पत्करला, असे त्यांनी लिहिले. ज्या माणसाने या दोन गणांमधली लढाई टाळण्यासाठी घरदार सोडले, त्याच्या मागे तेच दोन गण त्याच्या अस्थींसाठी कुसिनाऱ्याच्या वेशीवर उभे होते. तेव्हा पाणी होते, आता अस्थी होत्या.

द्रोणाची वाटणी

भांडण मिटवले ते द्रोण नावाच्या ब्राह्मणाने. पालीत त्याला दोण म्हणतात. त्याने जमलेल्यांना आठवण करून दिली, की आपले बुद्ध क्षमा शिकवणारे होते. त्या उत्तम पुरुषाच्या अस्थींसाठी मारामारी करणे शोभत नाही. सगळ्यांनी एकमताने आठ वाटे करू, दिशादिशांना स्तूप होऊ देत. ते सगळ्यांना पटले. वाटणीही त्यालाच करायला सांगितली. त्याने सारखे आठ वाटे केले आणि स्वतःसाठी ज्या भांड्याने अस्थी मोजल्या ते रिकामे भांडे मागून घेतले. पिप्पलिवनाचे मोरिय उशिरा पोहोचले. तोवर वाटप संपले होते, म्हणून त्यांनी चितेचे निखारे नेले. अशा रीतीने आठ अस्थींचे, एक भांड्याचा आणि एक निखाऱ्यांचा, असे दहा स्तूप उभे राहिले.

मूळ सुत्तात एवढेच आहे. पण पुढच्या अट्ठकथेत एक गमतीची भर पडली. वाटणी करताना द्रोणाने एक दाढ हळूच आपल्या पागोट्यात लपवली आणि ती देवराज शक्राने वरच्या वर पळवून स्वर्गात नेली! म्हणजे वाटणाऱ्यानेच चोरले आणि चोरावर मोर निघाला देव. ही कथा आपण खरी मानायची काय? मुळीच नाही. स्वर्ग, शक्र, चमत्कार यांना आपल्या धम्मात जागा नाही. पण कथा रचणाऱ्याला माणसाचा स्वभाव बरोबर कळला होता, हे मान्य करावे लागेल. वाटणी कितीही सारखी झाली तरी कोणाच्या तरी पागोट्यात काहीतरी गेले असा संशय लोकांच्या मनात राहतोच. संस्थेच्या हिशेबाच्या मीटिंगला जो बसला असेल त्याला हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात अस्थींच्या या भांडणाला स्वतंत्र मथळा देऊन जागा दिली आहे. शक्राची कथा त्यांनी घेतली नाही. आठ वाट्यांची आणि समजुतीची हकीगत घेतली. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे त्यांनी आपल्याला असे दाखवून दिले आहे.

सांचीच्या दगडात कोरलेले युद्ध

हा प्रसंग फक्त पोथीत राहिला नाही. मध्य प्रदेशात सांचीला जाणाऱ्यांनी मोठ्या स्तूपाचे दक्षिण तोरण नीट पाहावे. त्याच्या मागच्या बाजूला सगळ्यात खालच्या आडव्या पाटीवर कुसिनाऱ्याचा वेढा कोरला आहे. मध्ये नगराचा तट, तटावरून लढणारी माणसे, दोन्ही बाजूंनी हत्ती, घोडे, रथ. सुत्तात प्रत्यक्ष लढाई झाल्याचे नाही. शिल्पकारांनी मात्र ती पूर्ण जोमात दाखवली.

आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे याच तोरणाच्या वरच्या पाटीवर एक लेख आहे. राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद, याचे हे दान असल्याचे त्यात लिहिले आहे. सातकर्णी म्हणजे सातवाहन, पैठण आणि जुन्नर ज्यांच्या राज्यात नांदले ते. म्हणजे हातांनी काम करणाऱ्या कारागिराने तथागतांच्या स्तूपाला दान दिले आणि आपले नाव दगडात ठेवले. राजाचे नाव त्या लेखात आहे, पण दाता कारागीर आहे.

त्याच तोरणावर रामग्रामचा स्तूपही आहे. त्याची कथा अशी. मोरियांच्या कुळात पुढे अशोक झाला असे बौद्ध परंपरा मानते. ज्यांच्या पूर्वजांना निखारे मिळाले, त्या सम्राटाने आठांपैकी सात स्तूप उघडून धातू साऱ्या जंबुद्वीपात वाटले. चौऱ्याऐंशी हजार स्तूपांचा आकडा परंपरेचा आहे. तो शब्दशः घ्यायचे कारण नाही. पण रामग्रामला अशोक गेला तेव्हा तेथील नागांनी स्तूप राखला होता. त्यांची भक्ती पाहून त्याने तो उघडला नाही, तसाच परत गेला. कोरीव चित्रात एका बाजूला अशोकाचा लवाजमा आणि दुसऱ्या बाजूला फणाधारी नाग हात जोडून उभे आहेत.

चंडअशोक म्हणून ज्याला ओळखत, कलिंग ज्याने जिंकला, तो सम्राट एका छोट्या लोकसमूहासमोर मागे फिरला. कथेतले हे नाग साप नव्हेत, माणसेच होती असे मानायला आपल्याजवळ आधार आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी बुद्धधम्माचा प्रसार केला असे सांगून दीक्षेसाठी नागपूर का निवडले ते समजावले होते. रामग्रामचा स्तूप आज नेपाळमध्ये आहे. आठ मूळ स्तूपांपैकी न उघडलेला तो एकमेव स्तूप समजला जातो. सगळ्यांना जे हवे होते ते तिथे मातीखाली शांत पडून आहे. कोणी ते पाहिलेले नाही, तरी त्याचा मान कमी झालेला नाही.

दंतधातू: ज्याच्या हाती, त्याचे राज्य

आता सिंहलद्वीपाची, म्हणजे श्रीलंकेची गोष्ट. तिथे तथागतांचा एक दात पूजला जातो. 'दाठावंस' या पाली ग्रंथाप्रमाणे हा दात आधी कलिंग देशात दंतपूर येथे होता. चौथ्या शतकात त्याच्यासाठी युद्धाचा प्रसंग आला. तेव्हा राजा गुहशिवाची कन्या हेममाला आणि जावई दंतकुमार यांनी साध्या वाटसरूंचा वेष घेतला, हेममालेने दात आपल्या केसांत लपवला आणि दोघे समुद्रमार्गे लंकेला पोहोचले. पाचव्या शतकात चिनी भिक्खू फाहियान यांनी अनुराधपूर येथे दंतधातूची मिरवणूक पाहून लिहून ठेवली.

पुढे लंकेत एक समजूत पक्की झाली: दंतधातू ज्याच्या ताब्यात, त्याचा राज्यावर हक्क. झालं, मग दाताच्या मागे तलवार लागली. तेराव्या शतकात मलाया द्वीपकल्पातील तांब्रलिंग राज्याच्या चंद्रभानूने लंकेवर स्वारी केली, त्यातही दंतधातू मिळवण्याचा हेतू सांगतात. त्याच शतकाच्या अखेरीस पांड्यांच्या सेनापतीने यापहुवा किल्ला घेतला आणि दंतधातू मदुरेला नेला. लंकेचा राजा तिसरा पराक्रमबाहू याने मात्र सैन्य जमवले नाही. तो स्वतः पांड्य राजाकडे गेला, बोलणी केली आणि दंतधातू परत घेऊन आला. एवढ्या लांबलचक इतिहासात चोरीला गेलेली वस्तू बोलून परत मिळाल्याचे हे उदाहरण आपण मुलांना मुद्दाम सांगावे.

गोव्यातली राख

या गोष्टीचा एक धागा आपल्या कोकण किनाऱ्यालाही येऊन मिळतो. १५६० साली गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय दों कोन्स्तान्तिनो द ब्रागान्सा याने जाफना राज्यावर स्वारी केली. लुटीत एक दात सापडला. हाच बुद्धाचा दात असे सांगण्यात आले आणि तो गोव्यात आणला गेला. ही खबर ब्रह्मदेशात पेगूच्या राजाला, बायिन्नौंगला, लागली. त्याने दात मिळावा म्हणून वकील पाठवले आणि लाखांच्या घरात सोन्याची नाणी देऊ केली. पोर्तुगीजांचा खजिना तेव्हा रिकामाच असायचा. सेनाधिकारी म्हणत होते, पैसे घ्या. धर्मगुरू म्हणत होते, मूर्तिपूजेला विकणे हे पाप. गोव्यात धर्मन्यायालय, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात, ते १५६० सालीच बसले होते. अखेर १५६१ मध्ये आर्चबिशपने सगळ्यांसमक्ष तो दात खलात कुटला, त्याची पूड निखाऱ्यांवर जाळली आणि राख नदीत टाकली. पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोउतो याने हे सारे लिहून ठेवले आहे.

आता गंमत पाहा. लंकेच्या लोकांनी म्हटले, तो आमचा दात नव्हेच! खरा दात रत्नपुराजवळ देल्गमुवा येथे लपवून ठेवला होता. पुढे पहिला विमलधर्मसूर्य राजा झाला, त्याने तो कँडीला आणून मंदिर बांधले. आजही तिथे दळदा मालिगावा आहे.

गोव्यात जळाला तो दात खरा की खोटा, या वादात पडण्यात अर्थ नाही. आपल्याला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. दात जाळला, पूड केली, नदीत सोडली. पण लंकेत, ब्रह्मदेशात, सयामात धम्म जळाला नाही. उलट भारतात अशोकानंतर हजारो स्तूप होते, अस्थी जागच्या जागी होत्या, तरी धम्म मावळला. मग धम्म जगतो कशाने? पंचशील पाळणाऱ्या माणसांमुळे आणि शिकवणाऱ्या संघामुळे. हाडाच्या तुकड्यात ती ताकद असती तर भारतात आपल्याला १९५६ साली पुन्हा सुरुवात करावी लागली नसती.

दंतधातू इंग्रजांच्याही हाती गेला. १८१५ मध्ये त्यांनी कँडीचे राज्य घेतले. १८१७-१८ च्या उठावात तो गुपचूप बाहेर नेण्यात आला. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती परत लागला आणि उठावाचा जोरही ओसरला. दात परत गेला म्हणजे राज्य गेले, असे लोकांनीच मानले. तलवारीने जे झाले नसते ते समजुतीने झाले.

आणि अगदी अलीकडचे, दुःखाचे पान. २५ जानेवारी १९९८ रोजी श्रीलंकेच्या यादवी युद्धात तमिळ टायगर्सनी दळदा मालिगावाच्या दाराशी स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला. माणसे मेली, देवालयाचे नुकसान झाले, दंतधातू वाचला. त्या युद्धात सिंहली मेले, तमिळ त्याहून जास्त मेले आणि २००९ पर्यंत रक्त वाहत राहिले. तथागतांचा दात देशात असूनही शांतता नव्हती, हे कबूल करायला आपण बौद्धांनी लाजू नये. बहुसंख्य बौद्ध असलेल्या देशातही मैत्री आपोआप येत नाही, ती रोज पाळावी लागते.

याच श्रीलंकेला मे १९५० मध्ये बाबासाहेब गेले होते, जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने. तिथला धम्म लोक प्रत्यक्षात कसा पाळतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सहा वर्षांनी त्यांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात बावीस प्रतिज्ञा होत्या, पंचशील होते. दात नव्हता, केस नव्हता, कसला तोडगा नव्हता.

मातीतून बाजारात आणि परत

गेल्या दीडशे वर्षांत या अस्थींवर कुदळ पडली. सोपाऱ्याला, म्हणजे आपल्या मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याला, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा, असे एकात एक करंडक निघाले. भोवती आठ ब्राँझच्या मूर्ती होत्या. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तुकडे! तथागतांचे भिक्षापात्र म्हणून ते कोणीतरी भक्तीने जपले होते. सोन्याच्या पोटात माती. त्यांना कशाचे मोल वाटत होते ते यावरून समजते. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आले.

१८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे जमीनदारी पाहणाऱ्या विल्यम पेप्पे या इंग्रजाने स्तूप खणला. मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यातल्या एका करंडकावर ब्राह्मी लेख होता, त्यात भगवान बुद्धांचा आणि शाक्यांचा उल्लेख आहे. अस्थी, आणि त्यांच्याबरोबर माणके, मोती, सोन्याची फुले, एकूण सुमारे अठराशे नग. शाक्यांनी आपल्या माणसाला निरोप देताना घरातले उत्तमोत्तम त्यात घातले होते. अस्थी इंग्रज सरकारने १८९९ मध्ये सयामचे राजे चुलालोंगकोर्ण यांना दिल्या. त्यांनी सगळ्या स्वतःकडे ठेवल्या नाहीत. ब्रह्मदेश आणि सिलोनच्या बौद्धांनाही वाटा दिला. द्रोणाचा धडा त्यांना आठवत होता. रत्नांचा मोठा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला आणि काही भाग पेप्पे कुटुंबाकडे राहिला.

वैशालीला १९५८ मध्ये मातीचा एक जुना स्तूप निघाला. ते उत्खनन डॉ. अनंत सदाशिव आळतेकर या मराठी विद्वानाच्या देखरेखीखाली झाले. आत दगडी करंडक, त्यात राखमिश्रित माती, एक लहान शंख, मणी, सोन्याचा पत्रा आणि तांब्याचे नाणे. लिच्छवींना मिळालेला हाच तो आठवा हिस्सा, असे अनेक अभ्यासक मानतात.

सांची आणि सातधारा येथून कनिंगहॅम आणि मेसी यांनी १८५१ मध्ये काढलेल्या सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी लंडनच्या संग्रहालयात गेल्या होत्या. बौद्धांनी मागणी लावून धरली आणि त्या परत आल्या. जानेवारी १९४९ मध्ये कलकत्त्याला पंडित नेहरूंनी त्या महाबोधी सोसायटीच्या हाती दिल्या आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या.

पिप्रहव्याच्या रत्नांचे मात्र २०२५ पर्यंत अडले होते. पेप्पे कुटुंबाकडची तीनशेहून जास्त रत्ने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला सोदबीज कंपनीच्या लिलावात निघणार होती. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, की हे दागिने नाहीत, अस्थींबरोबर वाहिलेले दान आहे. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली आणि लिलाव थांबला. जुलै महिन्यात ती रत्ने भारतात परत आली. मुंबईच्या गोदरेज समूहाने ती विकत घेऊन हे घडवून आणले. आनंद झाला, झालाच पाहिजे. तरी मनात एक सल राहतो. शाक्यांनी जे फुकट वाहिले, ते सव्वाशे वर्षांनी मोल देऊन आणावे लागले.

आपल्या पदरी काय?

हे सारे वाचून कोणी विचारील, मग अस्थिधातूला वंदन करायचे की नाही? आमच्या वस्तीत यावर दोन मते आहेत. काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, हे सगळे थोतांड, बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढले. तरुण मुले-मुली म्हणतात, धातू दर्शनाला आले की आम्ही रांगेत उभे राहणार. आम्हाला दोघांचेही म्हणणे कळते.

आपणही ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, रात्रभर रांगेत उभे राहतो. तिथे बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, नागपूरच्या दीक्षाभूमीवरही आहेत. तिथे जाऊन आपण नवस बोलतो का? पोराला नोकरी लाग म्हणतो का? नाही. आपण पुस्तके विकत घेतो, डोळे पुसतो आणि घरी येऊन मुलांना शिकवतो. अस्थी म्हणजे आठवण. आठवण म्हणजे जबाबदारी. एवढेच नाते ठेवले तर वंदनात काही चूक नाही. पण अस्थीत जादू आहे, ती ज्याच्याकडे तो मोठा, असे मनात आले की कुसिनाऱ्याचा वेढा पुन्हा सुरू होतो.

तो वेढा कुठे पडतो ते आता स्पष्टच बोलू. एका वस्तीत दोन विहार समित्या. एका चौकात जयंतीच्या दोन मिरवणुका, दोन वर्गण्या, दोन बँड. पुतळ्याला आधी हार कोणी घालायचा यावरून बाचाबाची. चार घरे या गटाची, चार त्या गटाची, आणि मयतीलासुद्धा एकमेकांकडे जायचे नाही. "बुद्ध आमचे, बाबासाहेब आमचे" असे सगळेच म्हणतात, आणि सगळ्यांचेच खरे आहे! अजातशत्रूचेही खरे होते, शाक्यांचेही, मल्लांचेही. खऱ्यावरूनच लढाई होणार होती. खोट्या हक्कावरून होणारे भांडण लवकर मिटते. खऱ्या प्रेमातून होणारे मिटायला द्रोणासारखा मध्यस्थ लागतो, जो शेवटी रिकामे भांडे घेऊन घरी जातो.

असा माणूस प्रत्येक वस्तीत असतो. तो व्यासपीठावर बसत नाही. सतरंज्या घालतो, हिशेबाची वही लिहितो, दोन्ही गटांच्या घरी चहा पितो. पुष्कळदा ती एखादी आजी असते, जिच्यासमोर मोठमोठे कार्यकर्ते आवाज चढवत नाहीत. त्यांना आपण जपले पाहिजे. विहार विटांनी उभा राहतो, पण टिकतो तो अशा माणसांवर.

म्हणून वर्धापनदिनी आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, वर्षावासाच्या ग्रंथवाचनात अस्थींच्या भांडणाचे प्रकरण वाचले जाईल त्या दिवशी दोन्ही-तिन्ही गटांनी एकत्र बसावे आणि वाचन मुलांकडून करून घ्यावे. दुसरी, वस्तीची सहल निघते ती एक वर्ष सोपाऱ्याच्या स्तूपाला न्यावी; जवळ आहे, खर्च कमी आहे आणि पोरांना कळेल की आपला इतिहास लोकल गाडीच्या अंतरावर आहे. तिसरी, येत्या जयंतीला मिरवणूक एकच असावी. दोन निघणारच असतील तर निदान चौकात दोन्ही थांबाव्यात, त्रिशरण-पंचशील एका आवाजात व्हावे आणि मग पुढे जावे.

महापरिनिर्वाणाआधी भगवंतांनी आनंदाला सांगितले होते, की माझ्या मागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते. अस्थींचे काय करायचे याची काळजी त्यांनी भिक्खूंवर टाकली नाही. ती जमलेल्या लोकांनी केली. भांडले, थांबले, वाटून घेतले. अस्थींचे आठच वाटे झाले आणि उशिरा आलेल्यांना निखारे मिळाले. धम्माचे तसे नाही. आपण तर अडीच हजार वर्षे उशिरा आलो आणि तरीही आपला वाटा पुरा मिळाला. तो वाटून कमी होत नाही. मग तो आपल्या शेजारच्या घराला, पलीकडच्या गटाला, अजून न आलेल्या माणसाला द्यायला हात आखडता का घ्यावा?

नमो बुद्धाय! जय भीम!